लिव्हर का बिघडलं, हे सोलापुरात कोण शोधणार?

आपल्याकडे लिव्हरचा पेशंट म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "घेत होता का?" उत्तर हो आलं की विषय संपला, आणि नाही आलं तरी माघारी लोक म्हणणार की लपवत असतील. शेजारी हेच विचारतात, सोयरे हेच विचारतात, आणि बऱ्याच वेळा केसपेपरवर पण एवढंच लिहिलेलं असतं. ह्या माणसाचं लिव्हर नेमकं कशाने गेलं, सोबत बसणाऱ्या चौघांत ह्याचंच का गेलं, ह्याच्या गल्लीत अजून कोणाचं चाललंय का, हे विचारायला कोणाला वेळ नाही. माझं म्हणणं असं आहे की हे विचारणं म्हणजेच संशोधन, आणि ते पुण्या-मुंबईवर किंवा अमेरिकेवर सोडून न देता सोलापुरात, सोलापूरच्या लोकांवर, इथल्या सरकारी दवाखान्यात आणि मेडिकल कॉलेजात व्हायला पाहिजे.

मी पॅथॉलॉजी लॅबमधे काम करते. एसजीपीटी, एसजीओटी, बिलीरुबिन हे लिव्हरच्या रक्ततपासणीचे आकडे दिवसभर डोळ्यासमोरून जातात आणि रिपोर्ट न्यायला आलेले लोक आम्हालाच विचारतात, कारण डॉक्टरांपुढे बोलायचं धाडस होत नाही. विडी घरकुलकडची एक मावशी आलेली, पन्नाशीच्या आतबाहेर, अंगाने काटकुळी, आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं, शुगर निघालेली आणि सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमधे चरबी साठलेली. रिपोर्टचा कागद घडी करून घट्ट धरलेला, आणि हळू आवाजात म्हणाली, "दोन टायमाला भाकरीच खाते ओ मी, तेल पण बाटली मोजून आणायलोय, चरबी कुठनं येणार माझ्या पोटात?" बरोबर आलेल्या सुनेसमोर तिला लाज वाटत होती, जणू चोरून काहीतरी खाल्लं आणि पकडली गेली.

प्रश्न तिचा एकदम बरोबर होता आणि त्याला उत्तर पण आहे, अर्धं का होईना. लिव्हरमधली चरबी थेट तेलातुपातनं फार थोडी येते. २००५ मधे अमेरिकेतल्या संशोधकांनी पेशंटना खुणा केलेले अणू देऊन, नंतर लिव्हरचा तुकडा तपासून हिशोब लावला, तर साधारण ५९ टक्के चरबी शरीरातल्या साठ्यातनं रक्तात सुटून लिव्हरमधे आलेली निघाली, २६ टक्के लिव्हरने स्वतःच साखर-पिठातनं तयार केलेली, आणि खाण्यातल्या तेलातुपाची फक्त १५ टक्के. म्हणजे इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की साठ्यातली चरबी धरून ठेवता येत नाही, ती वाहत लिव्हरकडे येते आणि वरनं गोड चहा, भात, भाकरी ह्यातनं लिव्हर अजून बनवत राहतं. पण हा अभ्यास होता नऊ जणांवर, आणि ते नऊच्या नऊ लठ्ठ होते. आमच्या मावशीचं वजन पन्नास किलो पण नसेल. तिच्या लिव्हरमधे हा हिशोब तसाच लागतो का वेगळा, हे तिच्यासारख्यांना तपासल्याशिवाय कसं कळणार?

आणि बारीक माणसाचं फॅटी लिव्हर ही काही एखादी दुर्मिळ केस नाहीये. पश्चिम बंगालमधे बीरभूम जिल्ह्यातल्या गरीब खेड्यांमधे डॉक्टर गेले, १९११ लोक तपासले आणि २०१० मधे छापलं की ८.७ टक्के लोकांना फॅटी लिव्हर आहे, आणि त्यातल्या तीन चतुर्थांश लोकांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या खाली आहे. शेतात राबणारी, पोट सपाट असलेली माणसं. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या आया आणि बाळांचा अभ्यास सुरू केला, त्यात दिसलं की आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं आणि इंग्लंडच्या साउदम्प्टनचं ३.५ किलोचं, पण आपल्या हडकुळ्या बाळाच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी मात्र जवळजवळ राखलेली. हे जिल्ह्यात जाऊन, घराघरात जाऊन कळलं. मोठ्या शहरातल्या ओपीडीत येणाऱ्या लठ्ठ पेशंटकडे बघत बसले असते तर कधीच कळलं नसतं.

आता लोक म्हणतात, अहो इथे सिव्हिलमधे कॉट मिळायची मारामार, औषधं बाहेरनं आणायला सांगतात, आणि तुम्ही संशोधन काय घेऊन बसलात. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, ज्याचा पेशंट जमिनीवर गादी टाकून झोपवलाय त्याला हेच वाटणार. पण कारण शोधलं की कॉटच लागत नाही, हे आपल्याच महाराष्ट्रात एकदा सिद्ध झालंय आणि ते आपण पार विसरून गेलोय.

जुन्या बायकांना विचारा. एक-दीड वर्षाचं पोर, चांगलं खेळणारं, एकदम किरकिरं व्हायचं, पोट फुगायचं, हात लावला तर उजवीकडे दगडासारखं लिव्हर लागायचं, मग कावीळ, मग पोटात पाणी, आणि काही महिन्यांत खेळ खलास. एकाच घरात एकामागून एक दोन-दोन पोरं गेलेली. डॉक्टरी पुस्तकात ह्याला इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस म्हणतात, सिऱ्होसिस म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं. कोणी म्हणायचं आईचं दूध बाधलं, कोणी म्हणायचं घराण्याचा दोष, कोणी दृष्ट. सत्तरच्या दशकात लक्षात आलं की ह्या पोरांच्या लिव्हरमधे तांबं प्रचंड साठलेलं असतं. मग पुण्यात केईएमच्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी अगदी साधं काम केलं. आजारी पोरांच्या आयांना आणि त्याच वयाच्या धडधाकट पोरांच्या आयांना बसवून विचारलं, वरचं दूध कधी सुरू केलं, कशात तापवलं, कशात ठेवलं. उत्तर आलं, पितळेच्या नाहीतर तांब्याच्या भांड्यात. दुधातलं केसीन नावाचं प्रोटीन तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे कल्हई गेलेल्या पातेल्यात दूध तापवून तसंच ठेवलं की प्रत्येक बाटलीबरोबर तांबं पोटात, आणि तान्ह्या बाळाच्या लिव्हरला ते बाहेर टाकायची ताकद अजून आलेली नसते.

१९८३ मधे आणि मग १९८७ मधे हे छापून आलं, डॉक्टर आयांना सांगायला लागले की दूध स्टीलच्या भांड्यात तापवा, स्टील तसंही घरोघरी आलेलंच होतं, आणि नव्वदच्या दशकापर्यंत हा आजार इतका कमी झाला की आज शिकणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला एखादी केस बघायला मिळणं अवघड. ऑस्ट्रियात टिरोल भागात पण असंच झालेलं, १९०० ते १९७४ ह्या काळात १३८ तान्ही पोरं तशाच आजाराने गेली, तिथे पण तांब्याच्या भांड्यातलं दूध, आणि भांडी बदलल्यावर आजार गेला. भांडं एकटंच जबाबदार का जोडीला काही जन्मजात कमजोरी पण होती, ह्यावर जाणकारांचा वाद आहे आणि तो असू दे. पण किती घरांतली पोरं वाचली बघा, ते पण कुठल्या महागड्या मशीनने नाही, पातेल्याची चौकशी करून!

म्हणून मला राग येतो जेव्हा कोणी संशोधन म्हणजे श्रीमंतांचे चोचले असं बोलतं. उपचाराला पैसा लागतो हे खरं, लिव्हर ट्रान्सप्लांटला तर लाखो लागतात, जमिनी विकाव्या लागतात, आणि ते करायला पेशंट पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला न्यावा लागतो. कारण शोधायला मात्र लागतात ते नीट लिहिलेले केसपेपर, जपून ठेवलेलं रक्त आणि चिकाटी.

आता सोलापूरकडे ह्या नजरेने बघू. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, कधी त्याहून जास्त, उजनीची पाइपलाइन कुठेतरी फुटली की अजून पुढे. ह्याचा त्रास म्हणजे बायकांची झोपमोड, बॅरल भरणं, एवढंच आपण धरतो. पण पाइप चार दिवस रिकामा राहिला की त्यातला दाब जातो, आणि शेजारनं गटार वाहत असेल तर जिथे जोड गळका आहे तिथनं घाण आत ओढली जाते, मग पाणी सुटलं की तीच घाण पहिली नळात. हिपॅटायटीस ए आणि ई हे कावीळ करणारे दोन्ही विषाणू असेच पोटात जातात. दिल्लीत १९५५-५६ मधे यमुनेतनं पाणी घ्यायच्या जागी गटाराचं पाणी घुसलं आणि २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली. तेव्हा सगळ्यांना वाटलं की ही नेहमीची ए कावीळ. पण कोणीतरी त्यातल्या पेशंटचं रक्त जपून ठेवलेलं, म्हणून पंचवीस वर्षांनी १९८० मधे ते तपासता आलं, त्या कामात पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था होती, आणि कळलं की हे ए नव्हतंच. काश्मीरमधे १९७८ च्या साथीवर डॉ. मोहम्मद सुलतान खुरू पण त्याच निष्कर्षाला आले, आणि त्यांनी दाखवून दिलं की ही कावीळ गरोदर बाईला झाली तर जिवावर बेतते. त्यातनं हिपॅटायटीस ई जगाला माहीत झाला. एका डीप फ्रीजमधल्या नळ्यांमुळे!

आपल्याकडे पावसाळ्यात एखाद्या पेठेत काविळीचे पेशंट वाढले की काय होतं? पेपरात बातमी, क्लोरिनच्या गोळ्या, टँकर, आणि दोन आठवड्यात सगळे विसरले. निम्मे लोक तर काविळीचं उतरवून घ्यायला जातात, चुन्याच्या पाण्यात हात धुतले आणि पाणी पिवळं झालं की कावीळ निघाली अशी समजूत. मी त्यांना नावं ठेवत नाही, कारण बहुतेक वेळा ए आणि ई आपोआपच बरे होतात, मग ज्याने उतरवली त्याला श्रेय जातं, साधं आहे. पण त्यात जी पोटुशी बाई असते तिचे दिवस वाया जातात. मला विचाराल तर प्रत्येक अशा साथीत रक्ताचे आणि नळाच्या पाण्याचे नमुने घेऊन ठेवले पाहिजेत, कुठल्या गल्लीत किती पेशंट ह्याचा नकाशा महापालिकेच्या पाइपलाइनच्या नकाशावर ठेवून बघितला पाहिजे. विषाणू सापडणं हे अर्धं कारण, गळका जोड हे उरलेलं अर्धं, आणि पेशंट वाचवायला दुसरं अर्धं जास्त कामाचं.

शेंगाचटणीचं बोलायला मला जरा जड जातं, कारण आपला जीव त्यात आहे आणि बाहेरगावी जाताना पहिलं पाकीट तेच असतं. तरी बोलते. शेंगदाणा ओलसर राहिला, कोंदट गोदामात पडला की त्यावर अस्परजिलस नावाची बुरशी येते आणि ती अफलाटॉक्सिन नावाचं विष बनवते. १९६० मधे इंग्लंडमधे लाखभर टर्की पक्षी मेले तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीतनं हे पहिल्यांदा सापडलं. आपल्या देशात १९७४ मधे गुजरात-राजस्थानच्या सीमेवर पंचमहाल आणि बांसवाडा भागातल्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन १०६ माणसं गेली, लिव्हर फेल होऊन. हे झालं एकदम जास्त विष गेल्यावर. रोज थोडं-थोडं गेलं तर वेगळंच होतं, लिव्हर हे विष मोडायला जातं आणि मोडताना जो तुकडा तयार होतो तोच पेशीच्या डीएनएला चिकटतो. पी ५३ नावाचं जनुक, जे पेशीला कॅन्सरपासून वाचवतं, त्यात २४९ व्या जागी बिघाड होतो, अगदी ठरलेल्या ठिकाणी, हे १९९१ मधे चीन आणि आफ्रिकेतल्या पेशंटमधे सापडलं. आणि हिपॅटायटीस बी आधीपासून असेल तर दोघांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. भाजल्याने हे विष कमी होतं, पूर्ण जात नाही.

चटणी खाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही. चांगला दाणा घेऊन, निवडून, खलबत्त्यात कुटलेली चटणी मी स्वतः रोज खाते. घरात आपण निवडतोच, आकसलेला, काळपट, हिरवट डागाचा दाणा बाजूला, एखादा चुकून तोंडात गेला तर कडूजहर लागतो आणि थुंकतो. पण मोठ्या प्रमाणावर निवडून बाजूला काढलेला तो माल शेवटी जातो कुठे, कोणाच्या ताटात, हे मला माहीत करून घ्यायचंय. बाजारातल्या दाण्याचे महिन्याच्या महिन्याला नमुने तपासायला विद्यापीठाची केमिस्ट्रीची लॅब आहे, पोरं प्रोजेक्ट शोधत हिंडतात, आणि जे व्यापारी मन लावून चांगला माल देतात त्यांना तर ह्यात फायदाच आहे.

दारूबद्दल पण दोन शब्द, नाहीतर म्हणाल मुद्दाम टाळलं. दारूने लिव्हर जातं ह्यात वादच नाही, हातभट्टीने घरं बसलेली मी बघितलीत, आणि सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ऑपरेशन परिवर्तनमधे तांड्यांवरच्या हातभट्टी गाळणाऱ्या लोकांना दुसरा धंदा मिळवून द्यायचं जे काम केलं ते मला फार मोलाचं वाटतं. पण वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्या सगळ्यांनाच सिऱ्होसिस होत नाही, काहींनाच होतो. का? २००८ मधे अमेरिकेत डॅलसला हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांच्या टीमला पीएनपीएलए ३ नावाच्या जनुकातला एक बदल सापडला, तो असणाऱ्याच्या लिव्हरमधे चरबी जास्त साठते, आणि पुढे कळलं की त्याच बदलाने पिणाऱ्याचा पण सिऱ्होसिसचा धोका वाढतो. हा बदल आपल्या देशातल्या लोकांत पण सापडतो. म्हणजे दारुड्याचं लिव्हर आणि न पिणाऱ्या मावशीचं लिव्हर, दोघांचा रस्ता पुढे जाऊन एकच होतो, आणि एकाला शिवी दुसऱ्याला संशय देऊन आपण दोघांवर अन्याय करतो. गुन्हेगार शोधायची सवय लागली की कारण शोधायचं राहून जातं.

लिव्हर आतनं कडक कसं होतं ते पण आता बऱ्यापैकी कळलंय. १८७६ मधे कुफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला लिव्हरमधे चांदणीसारख्या दिसणाऱ्या पेशी दिसल्या, त्या एरवी अ जीवनसत्त्व साठवून गप बसतात, पण लिव्हरला सारखी इजा होत राहिली की त्या जाग्या होऊन तंतू बनवायला लागतात, आणि ते तंतू साठत जाऊन लिव्हर आवळत जातं. पूर्वी शिकवायचे की एकदा सिऱ्होसिस झाला की परत फिरत नाही. आणि २०१३ मधे छापलेल्या एका अभ्यासात हिपॅटायटीस बी च्या पेशंटना टेनोफोविर गोळी पाच वर्षं दिल्यावर, ज्यांना सुरुवातीला सिऱ्होसिस होता त्यातल्या ७४ टक्के लोकांच्या तपासणीत सिऱ्होसिस राहिलेला नव्हता! इजा थांबवली तर लिव्हर स्वतःला दुरुस्त करतं. पण इजा थांबवायची तर ती कसली चाललीय ते आधी माहीत पाहिजे, आणि फिरून परत गाडी तिथेच येते.

आता एक भीती खरी आहे, की संशोधनाच्या नावाखाली गरिबाला गिनीपिग बनवतील. त्याला उत्तर म्हणजे नियम कडक पाळणं. सोलापुरात संमतीपत्र नुसतं इंग्रजीत किंवा मराठीत चालणारच नाही, इथे पूर्व भागात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडचा पेशंट कन्नड, कोणी दखनी उर्दू, त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवलं पाहिजे आणि नाही म्हटलं तरी उपचार तोच मिळेल हे तोंडाने सांगितलं पाहिजे. आणि जे कळलं ते त्या वस्तीत जाऊन सांगितलं पाहिजे, पेपर छापून प्रमोशन घेऊन मोकळं व्हायचं नाही.

भीती दुसऱ्या बाजूची पण असते. कोरोनात घराघरात गुळवेलीचा काढा उकळला जात होता, २०२१ मधे मुंबईच्या डॉक्टरांनी सहा पेशंट मांडले ज्यांना गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आली, तर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की दुसऱ्याच सारख्या दिसणाऱ्या वेलीशी गल्लत झाली असेल. पुढच्या वर्षी देशातल्या १३ सेंटरच्या डॉक्टरांनी मिळून ४३ पेशंट मांडले. व्हॉट्सॲपवर दोन्ही बाजूंनी भांडणं झाली, आयुर्वेदाचे शत्रू वगैरे. मला वाटतं भांडण मिटवायचा रस्ता एकच, काविळीचा प्रत्येक पेशंट आला की काढा, चूर्ण, जिमची पावडर, टीबीच्या गोळ्या, दुखण्यावरच्या गोळ्या, काय काय घेतलं ते न रागावता विचारून लिहून ठेवणं आणि जमलं तर उरलेली पुडी पण ठेवून घेणं. न रागावता हे महत्त्वाचं, कारण रागावलं की पेशंट सांगतच नाही.

हे कोणी करायचं? आपल्याकडे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९६३ पासूनचं, त्याला जोडून सिव्हिल हॉस्पिटल, आणि तिथे नुसतं सोलापूर नाही, धाराशिव आणि कर्नाटकच्या सीमेवरचे पेशंट येतात. एमडी करणाऱ्या प्रत्येक मुलाला थीसिस लिहावाच लागतो, तो नियमच आहे. बरेचसे थीसिस सुटे-सुटे विषय घेऊन होतात आणि कपाटात जातात. त्याऐवजी मेडिसिन, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, पीएसएम म्हणजे सामाजिक आरोग्य, ह्या विभागांनी मिळून ठरवलं की पुढची दहा वर्षं लिव्हरच्या प्रत्येक पेशंटची एकच नोंदवही ठेवायची, त्यात दारूचा रकाना असेल तसाच पाण्याचा, दाण्याचा, काढ्याचा, कामाचा, वजनाचा आणि हिपॅटायटीस बी-सी टेस्टचा पण असेल, आणि प्रत्येक बॅचने मागच्या बॅचच्या पुढे काम न्यायचं, तर वेगळी इमारत नको, वेगळं बजेट पण फारसं नको. रक्ताचे नमुने ठेवायला एक फ्रीज लागेल उणे ऐंशी डिग्रीचा, आणि त्याला लाइट गेल्यावर जनरेटर.

आमदार-खासदारांकडे आपण ट्रॉमा सेंटर मागतो, एमआरआय मागतो, मागायलाच पाहिजे. त्या निवेदनात एक ओळ ह्या नोंदवहीची पण घाला. आणि डॉक्टर मंडळी हे वाचत असतील तर थीसिसचे विषय ठरायच्या आधी एकदा आपल्या विभागप्रमुखांशी बोलून बघा, फॅटी लिव्हर निघालेल्या विडी कामगार बायकांपासून सुरुवात करता येईल, त्या सापडतील पण, यायला तयार पण होतील. आमच्या मावशीने तर प्रश्न विचारून ठेवलाच आहे.